तांडेलाच्या घरचा प्रसाद

चंद्रावतीने देवीची पायरी सोडली त्याला अठरा वर्षं झाली होती. ती माझी सून. कोणी विचारलं की म्हणायची, त्या देवीने मला फसवलं. मी बाजूला तांदूळ निवडत बसलेली असायची आणि गप्प राहायची. गप्प राहणं माझ्या अंगात नाही, हे पेडण्याच्या बाजारात कुणालाही विचारा.

अशात तिच्या मुलीचं, सुलोचनाचं लग्न सर्वणात ठरत आलं. माणसं चांगली, पण जुन्या वळणाची. मुलीच्या आईने स्वतः देवीला प्रसाद लावावा, म्हणजे कौल मागावा, पाकळी उजवी पडली की पुढचं बोलू, असा त्यांचा निरोप आला. चंद्रावती म्हणाली, मी जाणार नाही, लग्न मोडलं तर मोडू दे. पोर दोन दिवस जेवली नाही.

गोष्ट एकाहत्तर सालची. माझा मुलगा कृष्णनाथ गलबतावर तांडेल होता, गलबत त्याच्या हुकमावर चाले. तेरेखोलच्या खाडीतून नारळ भरून वेरावळला जायचं होतं. आमच्याकडे रीत अशी की गलबत सुटण्याआधी तांडेलाच्या घरच्या बाईने प्रसाद लावायचा, आणि तो सगळ्या गलबताचा. खलाशांच्या घरची माणसं वेगळं विचारत नाहीत. तो मान आमच्या घराचा, आणि मला त्याची भारी ऐट.

लढाई लागणार असं सगळीकडे बोललं जात होतं. चंद्रावतीला सातवा महिना, तिला देवळात जाता येत नव्हतं. तिने माझे पाय धरले, म्हणाली, नीट विचारून या. मी गेले. गुरवाने देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. डावी पडली. शंकेला जागाच नाही अशी पडली. गुरव म्हणाला, गलबत थांबवा.

मी तिथे उभी राहून काय विचार केला? समोरच्या घरातला सगुण. त्याचा तांडेलकीवर डोळा होता आणि कृष्णनाथच्या हाताखाली जायला नको म्हणून तो रुसून घरी बसला होता. आम्ही थांबलो तर मालक सुकाणू त्याच्या हातात देणार. तांडेल बायकोच्या रडण्याला भ्याला, असं त्याची बायको विहिरीवर सांगत सुटणार. ते मला ऐकायचं नव्हतं. बस, एवढंच. गुरवाला म्हटलं, घरी मी सांगते, तुम्ही तोंड उघडू नका. तो आमच्या घराला वचकून असे. शिमग्याआधी तोही गेला.

घरी येऊन म्हटलं, उजवी. चंद्रावती त्या दिवशी पोटभर जेवली.

डिसेंबरात लढाई लागली. त्याच समुद्रात आपलं लढाऊ जहाज बुडालं त्याची बातमी रेडिओवर आली. आमच्या गलबताचं नाव कोणी घेतलं नाही. तोफेने बुडालं की वाऱ्याने, आजपर्यंत ठाऊक नाही. वेरावळला पोचलं नाही, एवढंच कळलं. सहा खलाशी आणि सातवा माझा. देह मिळाले नाहीत, म्हणून दर्भाचे पुतळे करून खाडीकाठी सात चिता पेटवल्या. सुलोचना तेव्हा पाळण्यात होती.

सगळ्यांनी देवीला बोल लावला. मी लावू दिला. वर सगुणला येताजाता भित्रा म्हणत राहिले.

पोरीच्या उपासाच्या तिसऱ्या दिवशी चंद्रावती आदोळीवर नारळ खवत होती. मी समोर जाऊन बसले.

"त्या दिवशी पाकळी डावी पडलेली," मी म्हटलं.

तिचे हात थांबले नाहीत. हातातली कवड संपेपर्यंत खवत राहिली. मग म्हणाली, "आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"गुरवाला होतं."

"म्हणजे कोणालाच नाही." तिने आदोळी आडवी केली. "मी देवळात येते. पण आधी तुम्ही बोलायचं. सहाही घरांना मी बोलावते. माझ्या एकटीच्या कानात सांगून सुटाल असं समजू नका."

ह्या वयात मला गावासमोर उभी करणार का, असं मी विचारलं.

"त्यांचंही वय झालं असतं," ती म्हणाली.

सोमवारी सभामंडपात सहा घरची माणसं जमली. सगुणही आला. कोणी शिव्या घातल्या तर काय उत्तर द्यायचं ते मी वाटेत जुळवून ठेवलं होतं. कोणी घातल्या नाहीत. मी सांगितलं तसं सगळे ऐकत राहिले. मग जानकी बोलली. तिचा नवरा त्या गलबतावर होता.

"त्या दिवशी आम्ही तुमच्या तोंडाकडे बघत होतो गे."

सगुण उठून खांबाला टेकला. म्हणाला, "काकी, मी भ्यालो नव्हतो."

"नव्हतास," मी म्हटलं. त्या सगळ्यात तेवढं एकच मला नीट बोलता आलं.

चंद्रावतीने फुलांचं ताट उचललं. मी सवयीने तिच्यामागे निघाले, तर जानकीने हात आडवा धरला. मी बाहेर पायरीवर बसले. आत गाऱ्हाणं चाललं होतं. पाकळी पडताना आवाज होत नाही.

बऱ्याच वेळाने सुलोचना डोळे पुसत, हसत बाहेर आली आणि माझ्या गळ्यात पडली. तिच्यामागून सगळ्या बायका आल्या. चंद्रावती माझ्याजवळून गेली, थांबली नाही.

आता गलबतं नाहीत, ट्रॉलर जातात. हंगामाचा पहिला प्रसाद जानकीच्या घरची बाई लावते. आमच्या घरून कोणी जात नाही.