शनिवारी बिघडणारी पेटी

पालमच्या छबूबाईच्या फोनवरच्या ओवीखाली पसंतीचा एकेचाळिसावा बदाम पडला, तशी सुलाबाई उठली आणि तिनं कोनाड्यातल्या संगणकाच्या पेटीचं बटण खाली पाडलं. पेटीवरचा निळा दिवा विझला. फोनमधला छबूबाईचा गळा अर्ध्या ओळीवर थांबला.

"आता गा," सुलाबाई म्हणाली.

पेटी सुकेशनीची. वालूरच्या शाळेत शिक्षिका होती तेव्हा सुकेशनी सुलाबाईच्याच घरात भाड्यानं राहायची. सुलाबाई जात्यावरच्या ओव्या म्हणायची, ती वहीत उतरवून घ्यायची. पुढं वहीचं संकेतस्थळ झालं. जिल्हाभरच्या बाया फोनवर ओवी म्हणून पाठवत, दुसऱ्या ऐकत, आवडली तर खाली बदाम ठेवत. ते सगळं या पेटीत साठायचं. बदली होऊन सुकेशनी पाथरीकडच्या एका वाडीवर गेली. तिथं नेट धड नव्हतं, म्हणून पेटी वालूरलाच राहिली.

आधी त्या पेटीत एकटी सुलाबाईच होती. मग छबूबाई आली. ऊसतोडीला जाणारी बाई, गळा जरा चिरका, पण ऐकणारीचा हात कामावरच थांबावा असा. आताशा सुकेशनीचा फोन आला, की पहिलं वाक्य ठरलेलं. "छबूमावशीची नवी ओवी ऐकली का तुमी?" सुलाबाईला मिरची झोंबायची.

पहिल्यांदा बटण चुकून पडलं होतं, झाडताना झाडू लागून. स्थळ बिघडलं आणि सुकेशनी एसटीनं धावत आली. दुरुस्त करता करता संध्याकाळपर्यंत बसली, भाकरी खाल्ली, बुडालेल्या ओव्या सुलाबाईकडून पुन्हा म्हणवून घेतल्या. मांडीला मांडी लावून. जुन्या दिवसांसारखं. तेव्हापासून कधीमधी, सुकेशनीची शाळा सकाळची असायची त्या शनिवारी, सुलाबाईचा हात आपसूक कोनाड्याकडं जायचा. थोड्या वेळानं ती बटण पुन्हा वर करून ठेवायची.

आजही दुपारी सुकेशनी आली. पण एकटी नव्हती.

"मावशी, हा सिद्धोधन. परभनीला कॉम्प्युटरचंच काम करतो. रोजची कटकट एकदाची मिटवू म्हनलं."

"जयभीम मावशी."

"जयभीम बाबा. बस." सुलाबाईनं पाण्याचा तांब्या जरा आदळूनच ठेवला.

सिद्धोधननं मांडीवर आपला लॅपटॉप उघडला, बराच वेळ आकडे खालीवर केले. "नोंदींचा तक्ता मोडायलाय, सुकेशनीताई. बदाम पडला, त्याची नोंद अर्धी उतरली, तेवढ्यात लाइट गेली, की मोडला. तुमी दर वेळी रविवारच्या नकलेवरून जोडता, मधल्या ओव्या जातात, अन् तो परत मोडतो. नुसतं जोडून काय उपयोग?"

"मग?"

"तक्त्याचा प्रकारच बदलतो. नोंद पुरी उतरली तरच धरायची, अर्धी असंल तर आपोआप सोडून द्यायची. मग लाइट गेली तरी तक्ता शाबूत. नक्कलही रविवारच्या रविवार न्हाई, रोज काढायची." मग त्यानं कोनाड्याकडं पाहिलं. "अन् पेटी हितून हलवायची. हितल्या लाइटचा काय भरवसा न्हाई. छबूबाईच्या लेकाचं पालमला दुकान हाय म्हनं, लाइट गेली तरी बॅटरीवर चालनारं?"

"हाय की," सुकेशनी म्हणाली. "तितं ठेवता येईल."

सुलाबाई कणीक मळत होती. तिचा हात परातीतच राहिला. पेटी पालमला, म्हणजे सुकेशनीही पालमला. छबूबाईच्या ओसरीवर. छबूबाईची भाकरी खात.

"लाइट चांगली हाय माज्या घरची," ती म्हणाली.

"मावशी, चार डाव गेलीय."

"लाइट न्हाई गेली. मी घालवली."

सिद्धोधननं मान लॅपटॉपात घातली.

"तू येत न्हाईस," सुलाबाई परातीकडं बघत म्हणाली. "पेटी बिघडली की येतीस. तिचं दुखलं की तुला कळतं. माजं कसं कळंल? माज्यावर कुटं निळा दिवा हाय?"

सुकेशनीचा चेहरा लाल झाला. "अन् बाकीच्या बायांचं काय, मावशी? ह्या आठवड्याच्या ओव्या गेल्या ना सगळ्या! येतायेता छबूमावशीला फोन केला, ती फडात हाय. म्हनायली, तवा तोंडात आली, आता कुटून आनू? तिची उसाची ओवी कायमची गेली. कळतंय का तुमाला?"

सुलाबाईनं हात धुतले, पदराला पुसले. भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटून म्हणू लागली,

"उसाच्या फडामंदी, पाचटाची गं सावली
लेकरू निजलं खाली, कोयता हाणी माउली."

सुकेशनी बघतच राहिली. "तुमाला पाठ हाय?"

"पाठ न्हाई व्हनार? दिवसातून इस डाव ऐकायची. कुटं चुकती का बघायची." सुलाबाईनं पदर सावरला. "न्हाई चुकत रांड. लय चांगली म्हनती."

"अजून हायत तिच्या?"

"ह्या आठवड्याच्या धा हायत. मागच्याबी म्हनू का?"

सुकेशनीला हसू आलं, मग डोळे भरले. तिनं फोन काढला आणि सुलाबाईला खेटून बसली, मांडीला मांडी लावून. "पेटी हितंच ऱ्हाईल, मावशी. आता बटन पाडलं तरी मोडनार न्हाई, मग पाडायचं कशाला? नुसतं म्हनायचं, ये गं. मी येते."

"बिगर बिघडता?"

"बिगर बिघडता. आता म्हना. पन आधी नाव सांगा, ओवी कुनाची ते."

फोनवरचा लाल ठिपका लुकलुकत होता. सुलाबाईनं घसा साफ केला.

"ही ओवी पालमच्या छबूबाईची."

मग फोन आणखी जवळ ओढून म्हणाली, "पन खाली लिही. गळा वालूरच्या सुलाबाईचा."