जवाईबापूचं थडगं

दगडी झाकण सरकलं, आतून आंबूस वाफ नाकात शिरली, तसे महादेवराव मनात म्हणाले, हे तं पेव हाय बाप्पा! उठून गेलेल्या गावाचं, जवारी साठवाचं पेव. वऱ्हाडात कोणीबी असं पेव उघडलं का आधी वारं लागू देते, मंग कंदील खाली सोडून पायते. कंदील जळत राह्यला तरच माणूस उतरते. आतली हवा माणूस गिळते.

पण सांगावं कोणाले? काठावर खुद्द जवाईबापू उभे होते, बाजूले पोरगी शकुन.

उत्तमराव अमरावतीचे वकील. इजिप्तच्या राजाचं थडगं सापडल्याचं पेपरात वाचलं तेव्हापासून त्याईले चैन नव्हती. तिथले राजे जहाजात बसून गोदावरीत शिरले, तिथून वर्धा नदीनं थेट कौंडण्यपूरले आले, असा त्याईनं निकाल देऊन टाकला होता. मंग दोन पक्षकार सभासद करून 'वऱ्हाड थडगेशोधक मंडळ' काढलं, आन् खोदाले तिथंच सासऱ्याच्या वावरातलं टेकाड धरलं. जवायाले नाई कोण म्हणन? एका दिवाळीले पुरणात वेलदोडा कमी पडला म्हणून बापू रुसले, तं शकुन पोळ्यापर्यंत माहेरीच पडून होती.

खरं बोललो तं पोरगी माहेरी, नाई बोललो तं पोरीचं कुंकू. महादेवराव चाचरत बोलले.

"बापू, जरा हवा लागू द्या न. उद्या उतरा."

"उद्या? उद्या नागपूरचे म्युझियमवाले येऊन माह्याआधी उतरतीन, मामाजी!"

"पण हे पेवावानी दिसून राह्यलं..."

सभासद खिदळले. बापूच्या नाकपुड्या फुगल्या. "शकुन, तुहे बाबा माह्या राजाले जवारी म्हणून राह्यले. बांधू का तुहं गाठोडं?"

शकुननं बापाकडं पाह्यलं. महादेवरावनं मान खाली घातली.

"कंबरेले दोर तरी..."

"पेपरातल्या फोटोत सायबाच्या कंबरेले दोर होता का?"

बापूनं शिडीवर पाय ठेवला. महादेवरावनं झटकन आपला फेटा सोडला. "थांबा बापू! एवढ्या मोठ्या कामाले निघाले, सासऱ्याचा मान तं घ्या."

मान म्हटल्यावर बापूनं हात वर करून छाती फुगवली. महादेवरावनं फेटा काखेतून फिरवून करकचून गाठ मारली, आन् मांगून गुपचूप बैलाचा नाडा अडकवला.

"एवढा आवळता?"

"मानच मोठा हाय, बापू."

बापू कंदील घेऊन उतरले. कंदील मिणमिणला. विझला.

"माचिस टाका!" खालून आवाज आला. "राजा दिसून राह्यला! असा... बसून..."

धप्प.

"बापू?"

महादेवरावनं नाडा हिसकला, तं खालून नुसता भार लागला.

"शाप!" सभासद बोंबलले. शापाचीबी बातमी पेपरात आली होती. दोघं कपाशीच्या पराटीतून सुसाट सुटले. एकाचं धोतर झाडाले अडकलं, तं तो धोतर मांगं ठेवून पुढं गेला.

राह्यले बापलेक. नाडा धरला, टाचा मातीत रोवल्या. इंच इंच बापू वर सरकले. डोकं बाहेर आलं, खांदे आले, आन् पोटावर गाडी अडली. पेवाचं तोंड अरुंद, पोट वकिलाचं. ओठ निळे, मान लुळी.

"बाबा, वढा न!" शकुन किंचाळली.

"अबे उत्तम्या!" महादेवराव रडत गरजले. "पोट आत घे बे, गधड्या! माह्या पोरीले उघड्यावर पाडतं का?"

बाहेरची हवा लागली आन् बापूले ठसका आला. ठसक्यानं पोट आत गेलं, तेवढ्यात दोघाईनं हिसका मारला. बापू उताणे, मिशीत काळी सडकी जवारी.

बऱ्याच वेळानं डोळे उघडले.

"मामाजी," ते पुटपुटले, "तुमी मले बे म्हणाले."

महादेवरावचे तळहात नाड्यानं सोलून निघाले होते. "म्हणालो. आन् आतापासून म्हणीनच. ऊठ बे, पाणी पी."

उत्तमरावनं शकुनकडं पाह्यलं. तिनं डोळे पुसले आन् लोटा पुढं केला. "प्या न मुकाट्यानं."

ते प्याले.