खळीत बुडालेला तापमापक

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. काचेच्या भट्टीत जन्मलो, पोटात पारा घेतला आणि बुऱ्हाणपूरच्या एका शाळेत कापसाच्या गादीवर येऊन पडलो. मला कुणी हात लावू देत नसत. मान मोठा होता, काम काडीचं नव्हतं.

साठीचं दशक सरत आलं होतं. गाव नव्या राज्यात रुळत होतं. घरात मराठी, कचेरीत हिंदी. तेव्हा विज्ञानाच्या निर्मलाबाईंनी वर्गात सौरवाऱ्याची गोष्ट सांगितली. सूर्यापासून सुटलेले कण, आणि त्यांचं तापमान लाखभर अंश! माझी उडी शंभराच्या जरा पुढे.

हातमागावर कापड विणणाऱ्या वामनरावांच्या अलकाने प्रदर्शनासाठी हाच विषय उचलला. परीक्षकांसमोर हिंदीत नीट बोललीस तरच पुढे विज्ञान, नाहीतर शाळा बंद, असं वडिलांनी बजावलं होतं. पोरगी हट्टाला पेटली. बाईंना विचारून सरावाला मला घरी नेलं, सुताला लावायच्या उकळत्या खळीत बुडवलं आणि तसंच ताटलीत ठेवलं. सकाळी खळ वाळून कडक! माझे सगळे आकडे झाकले गेले. मला फार वाईट वाटलं.

अलकाने रडत बसायचं नाही असं ठरवलं. प्रदर्शनात मला बाजूला ठेवून तिने वाफाळत्या खळीचं पातेलं आणि फुलबाजी मांडली. परीक्षकांनी विचारलं, "सूरज की हवा इतनी गरम है, तो हम जलते क्यों नहीं?"

तिने फुलबाजी पेटवून तिची ठिणगी तळहातावर झेलली. "ठिणगी खूप गरम आहे साहेब, लेकिन चटका नहीं देती. सौरवाऱ्याचंही तसंच, कण थोडेच. या खळीत हात घालायची मात्र माझी हिंमत नाही."

"सब कणों का तापमान एक ही?"

"नहीं साहेब. इलेक्ट्रॉनचं निराळं, प्रोटॉनचं निराळं. एकमेकांना फारसे धडकतच नाहीत, तो एक जैसे कैसे होंगे?"

हिंदीत मराठी शिरत होती, पण ती थांबली नाही. परीक्षक हसून मान डोलावत राहिले. मागे उभे असलेले वामनराव सगळं ऐकत होते.

घरी त्यांनी मला कोमट पाण्यात भिजवलं. खळ कशी सोडवायची, हे मागवाल्याला काय शिकवायचं? एकेक आकडा वर आला. मला पुसता पुसता ते म्हणाले, "अलके, विज्ञानाची कोणती पुस्तकं आणायची, ते उद्या बाईंना विचारून ये."

मित्रांनो, मला कपाटात देव करून बसवू नका. खुशाल उकळत्या खळीत बुडवा. फक्त वाळायच्या आत धुवा.