टेबलाखालचा खोका

खोका टेबलाखाली होता आणि तिचे पाय त्याला लागत होते. मागे घेतले तरी थोड्या वेळाने पुन्हा लागत. औषधांच्या या गोदामात ती कित्येक वर्षं त्याच खुर्चीवर बसत आली होती, पण पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

फोन वाजला. कोपऱ्यावरचा केमिस्ट होता.

"माई, फिटच्या गोळ्या आहेत का? थोड्या तरी?"

"रॅकवर एकही स्ट्रिप नाही हो," ती म्हणाली.

हे खरं होतं. रॅकचा तो कप्पा रिकामाच होता. काल संध्याकाळी तिथला शेवटचा खोका तिनेच उचलून पायाशी सरकवला होता. सकाळी देवापुढे दिवा लावायचा, कामावर पोचेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही आणि दिवसभरात खोटं बोलायचं नाही, हा तिचा रोजचा नेम. स्वतःहून तिने तो कोणाला सांगितला नव्हता. तरी माई खोटं बोलत नाही, हे सगळ्या दुकानदारांना ठाऊक झालं होतं. मॅनेजरचा शब्द ते पारखून घेत, तिचा डोळे मिटून.

"रॅकवर नाही," पॅकिंगच्या टेबलाकडून रेडिओ म्हणाला. पॅकिंगवाला पोरगा सकाळी बोलायला सुरू झाला की संध्याकाळीच बंद व्हायचा, म्हणून त्याचं नाव रेडिओ. "झाडावर नाही, ढगात नाही, रॅकवर नाही. माई, आज तुम्ही पत्ता फार नीट सांगताय."

"तू चिकटपट्टी लाव," ती हळू आवाजात म्हणाली. "खोक्याला. उरली तर तोंडालाही."

तो हसला. तिला हसू आलं नाही.

खोका चिमणीसाठी होता. चिमणी ही तिच्या धाकट्या दिराची मुलगी. गोळी वेळेवर मिळाली की घर डोक्यावर घेणारी आणि गोळी चुकली की फिट येणारी. मागे एकदा चुकली होती. तेव्हा जावेने पोरीला कुशीवर धरून ठेवलं होतं आणि हिने घड्याळाकडे बघत देवाचं नाव घेतलं होतं. तेवढी मिनिटं त्या घरातून अजून गेली नव्हती. म्हणून परवा दुकानात 'शिल्लक नाही' ऐकल्यावर जाऊ तडक स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"ताई, शनिवारपर्यंतच्याच आहेत. तुम्ही औषधांच्या ढिगावर बसता आणि आपल्याच पोरीला गोळी नाही? धरण उशाला अन् कोरड घशाला!"

"बघते," ती म्हणाली होती. बघितलं ते असं. खोका सीलसकट उचलला होता. चिमणीला किती गोळ्या लागतील याचा विचार तेव्हा मनात नव्हता. त्या तिला वर्षानुवर्षं पुरल्या असत्या. भीतीने उचलताना माणूस ओंजळ बघत नाही.

मॅनेजर आतून आला. चष्मा कपाळावर चढलेला, म्हणजे कंपनीशी बोलणं झालं होतं.

"गाडी शुक्रवारी. नाहीतर शनिवारी."

"गोळ्याच कमी आहेत का, साहेब?"

"गोळ्यांचा डोंगर आहे तिकडे! पण गोळ्या ज्या चंदेरी कागदात बसवतात, तो कागद नाही. कागद छापणाऱ्याचं मशीन मोडलं. स्वयंपाक तयार, वाढायला ताट नाही." त्याने ऑर्डरींचे कागद तिच्यासमोर ठेवले. "पण खरी गंमत ही बघा. मशीन थोडेच दिवस बंद होतं. तेवढा माल तर दुकानांत आणि आपल्याकडे मिळून होता. मग गेला कुठे? सगळ्यांना एकदम दुप्पट का लागायला लागलं? फिट म्हणजे काय साथ आहे?"

"घाबरून मागवत असतील."

"घाबरून आणि हुशारीने. त्यांना माहीत असतं आपण निम्मंच देणार, म्हणून ते दुप्पट मागतात. आपल्याला माहीत असतं ते दुप्पट मागणार, म्हणून आपण निम्मं देतो. आणि कंपनीला वाटतं, वा, काय खप आहे! कोणाला खरंच किती हवंय, हे एकालाही माहीत नाही."

तिने पाय मागे घेतले.

दुपार कलल्यावर पुन्हा फोन वाजला. "माई, मास्तर बोलतोय."

मास्तरांचं दुकान शहराच्या टोकाला, बसच्या शेवटच्या थांब्याजवळ होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या चुकाही ते तांबड्या पेनाने दुरुस्त करत, म्हणून मास्तर.

"समोर एक बाई उभी आहे. मुलाची आज रात्रीची गोळी आहे, उद्या सकाळची नाही. तुझ्याकडे काही?"

तिचे डोळे रॅककडे गेले. जीभ सवयीने वळली. "मास्तर, रॅकवर नाही."

"बरं."

बाकीचे घासाघीस करत, 'बघा की, असेल कुठेतरी' म्हणत. मास्तर नुसतं बरं म्हणाले. फोन खाली ठेवायच्या आधीच ते त्या बाईकडे वळलेले ऐकू आले.

"नाही म्हणते. ती नाही म्हणाली म्हणजे नाहीच, आता इकडेतिकडे फिरू नकोस. संध्याकाळच्या बसने मुलाला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात जा. रात्रभराचा प्रवास आहे, पण सकाळी मिळेल."

"बसमध्ये तो झोपत नाही हो," बाईचा आवाज आला. "आणि झोप झाली नाही की त्याला हमखास येते."

फोन बंद झाला.

तिने डोळे मिटून रोजचं स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीवर अडली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडली. जे झोपेतही येत होतं, ते येईना. खोका दिला आणि शनिवारी गाडी आली नाही तर? चिमणी डोळ्यांपुढे आली. तिच्या मागे, कधी न पाहिलेला एक मुलगा बसच्या खिडकीशी टक्क जागा बसलेला दिसला.

"अजून डबा उघडला नाहीत," रेडिओ म्हणाला.

"भूक नाही."

"पायाखाली खोका असला की पोट दबतं."

तिने वर पाहिलं.

"माई, खोके उचलायचं काम माझं. रॅकवरून एक हलला तर मला कळणार नाही?" तो हसत होता. "पण तुम्ही खोटं कुठे बोललात? नरो वा कुंजरो वा."

तिचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. "गंमत केली," तो पुटपुटला.

तिने खोका ओढून बाहेर काढला. सील फोडलं. मास्तरांचा फोन लागेना. बोलण्यात होता, मग पुन्हा बोलण्यात. शेवटी लागला.

"मास्तर, ती बाई आहे का?"

"केव्हाच गेली. का ग?"

"माझ्याकडे खोका आहे. टेबलाखाली. काल संध्याकाळपासून होता."

पलीकडून नुसतं, "तू?"

तिला वाटलं, ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"बस सुटत आली असेल," मास्तर म्हणाले. "माझ्या गुडघ्यांनी मी काही पोचत नाही. बस पुढे हमरस्त्याच्या नाक्यावर थांबते, तिथे कोणाला तरी पाठव. बाईकडे हिरवी छत्री आहे."

रेडिओने दोन स्ट्रिपा शर्टाच्या खिशात घातल्या होत्या आणि तो दारातही पोचला होता. पहिल्यांदाच एकही विनोद न करता त्याने मोटरसायकल काढली.

ती मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, मी एक खोका लपवला होता. घरच्या मुलीसाठी."

मॅनेजरने चष्मा नाकावर घेतला, तिच्याकडे पाहिलं, आणि मग सावकाश स्वतःच्या टेबलाचा खण उघडला. आत स्ट्रिपांचा गठ्ठा होता. "मेहुण्याचं दुकान आहे," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "बायको रोज विचारते."

मग तिने एकेका दुकानाला फोन लावला आणि सगळ्यांना एकच सांगितलं: माझ्याकडे एक खोका आहे, मी तो लपवला होता, आता काढलाय. तुमच्याकडे किती आहेत आणि रोज खरंच किती जातात?

एकाने फोन आपटला. एक म्हणाला, "माई, तुम्हीसुद्धा? मग आम्ही तर माणसंच." कोपऱ्यावरचा केमिस्ट आधी खोकला. "आहेत थोड्या. म्हणजे तशा थोड्या... बऱ्याच आहेत. पडदा ओढून ठेवल्यात."

मॅनेजर दाराच्या मागच्या बाजूला खडूने आकडे लिहीत गेला. अंधार पडला तेव्हा दोघं त्या दाराकडे बघत उभे होते. जो तो आपल्याला लागेल तेवढंच घेईल, तर गाडी येईपर्यंत पुरत होतं. शनिवारी आली तरीही. माल होताच, फक्त ज्याच्या त्याच्या टेबलाखाली होता.

रेडिओचा फोन मात्र लागत नव्हता.

ती घरी आली. दिवा लावला, हात जोडले, पण मिटलेल्या डोळ्यांपुढे हिरवी छत्रीच येत होती. बस चुकली असेल का? नाक्यावर न थांबताच गेली असेल का?

जाऊ देवघराच्या दारात वाट बघत होती. "आणलात?"

"नाही. चिमणीच्या आपल्या केमिस्टकडे येतील, उद्या. सगळ्यांच्या येतात तशा."

"सगळ्यांच्या!" जाऊ कडाडली. "खोका तुमच्या पायाशी होता ना? काल तुम्हीच म्हणालात! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. जगाची काळजी तुम्हालाच कशाला?"

"आज एक मुलगा माझ्यामुळे रात्रभराच्या बसमध्ये बसला," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण जाऊ थांबली. "झोप झाली नाही की त्यालाही फिट येते. आपल्या चिमणीसारखंच. आणि तो कुठे आहे, मला अजून माहीत नाही."

तिने सगळं सांगितलं. जाऊ ओट्याला टेकून ऐकत राहिली. मधेच आतल्या खोलीतून चिमणीचं गाणं येत होतं, मोडकं आणि जोरात.

फोन वाजला. दोघीही दचकल्या.

"माई," रेडिओचा आवाज बसला होता, मागे गाड्या जात होत्या. "दिल्या. नाक्यावर बस निघून गेली होती, पुढच्या थांब्यावर गाठली. कंडक्टर शिव्या देत होता. ते दोघं उतरले, परत घरी सोडलं त्यांना." थोडं थांबून तो म्हणाला, "पोरगं माझ्या पाठीवर डोकं टेकून झोपलं."

"मिळाल्या त्याला," ती जावेला म्हणाली. जाऊ आत गेली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण काढलं. आत स्ट्रिपाच स्ट्रिपा होत्या.

"शनिवारपर्यंतच्याच म्हणाली होतीस."

"या त्यात मोजल्याच नव्हत्या. या अडीअडचणीच्या."

"कुठून आणल्यास?"

"जिथे मिळाल्या तिथून. वेगवेगळ्या दुकानांतून, एकाला दुसऱ्याचं कळू न देता." जाऊ खाली बघत म्हणाली. "प्रत्येकाला वाटलं असेल, नवीन गिऱ्हाईक लागलं."

तिला मॅनेजरचे ते ऑर्डरींचे कागद आठवले. अशा किती घरांत असे किती डबे असतील! ती चिमणीपुरत्या स्ट्रिपा बाजूला काढू लागली. गाडी येईपर्यंतच्या, आणि वर थोड्या, गाडी रखडली तर. जावेचा हात डब्याच्या कडेवरून सुटला नव्हता.

"आणि पुन्हा अशीच गाडी अडली तर?"

"अडेल. कधीतरी अडेलच."

"मग?"

"मग तू मला खरं सांग, किती आहेत ते. मीही तुला सांगेन."

जावेने अजून एक स्ट्रिप उचलून आपल्या बाजूला ठेवली. मग डबा तिच्याकडे सरकवला.

झाकणाचा आवाज ऐकून चिमणी धावत आली, डब्यात डोकावली आणि तिचा चेहरा पडला.

"काकू, यात बिस्किटं का नाहीत?"

तिने जावेकडे पाहिलं. उत्तर द्यायची पाळी आज जावेची होती.