मोकळा प्लॉट

आमचं काम ऐकायला भारी वाटतं, प्रत्यक्षात हमाली असते. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची चित्रं काढणारी टूल्स निघाली आहेत. कुणी झाड काढतं, कुणी जाळं, कुणी अख्खं शहर. त्यांची वर्गवारी करायची, माणसांना एकेका चित्रासमोर बसवायचं, आम्ही मुद्दाम पेरलेली चूक कुठे लवकर सापडते ते मोजायचं आणि नंबर लावायचे. या वेळी नमुना म्हणून श्वासाच्या मशीनचं सॉफ्टवेअर मिळालं होतं. तेच मशीन, त्याच मॉडेलचं, दवाखान्यात माझ्या बाबांना लावलेलं होतं. बाकीच्यांसाठी तो नमुना होता. माझ्यासाठी नव्हता.

शहरवालं टूल सपाटून आपटलं. समोर बसणाऱ्यांची नजर कुठे फिरते ते कॅमेरा टिपतो. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली ती माणसं, पण शहर दिसलं की सगळ्यांची नजर एकाच कोपऱ्यात जाऊन खिळायची. त्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. दोन इमारतींमध्ये एक मोकळा प्लॉट, बस.

"तिथे काय बघत होता?" मी एका बाईंना विचारलं.

"काही नाही हो. पण मान वळवावीशी वाटेना. कुणीतरी तिथे असायला हवं होतं असं वाटत राहिलं."

आमच्या सरांनी आकडे बघून हात झटकले. "रिकाम्या जागेकडे बघितलं की तो वाया गेलेला वेळ. नियम आपलाच आहे. शेवटचा नंबर दे."

"पण सगळे तिथेच का बघतात, सर?"

"तू टूल्सची वर्गवारी करतोयस की भुतांची?"

खोलीत हशा पिकला. हसा लेको, तुमचा बाप नाही त्या मशीनवर.

जेवणाच्या सुट्टीत मी शहर उघडून बसलो. त्यात प्रोग्रामचा प्रत्येक भाग म्हणजे एक इमारत, आणि एका भागाने दुसऱ्याला धाडलेला निरोप म्हणजे रस्त्यावरून पळणारा दिवा. नीट बघितलं तर प्लॉटकडे रस्ते जात होते. एकामागून एक दिवे आत शिरत आणि विझत. परत एकही येत नव्हता.

मी सॉफ्टवेअरची आधीची आवृत्ती लावली. प्लॉटवर उंच, बिनखिडक्यांची इमारत उभी राहिली. माउस नेला, नाव दिसलं: मास्क निघाल्याचा इशारा. ही आम्ही पेरलेली चूक नव्हती; नव्या आवृत्तीत बनवणाऱ्यांपैकीच कुणीतरी ती पाडली होती आणि बाकीच्या शहराला कळवलंच नव्हतं. मेलेल्या माणसाला फोन लावत बसावं तसं ते शहर तिथे निरोप धाडत होतं.

मी ताईला फोन लावला. ती बाबांजवळच होती.

"शांत पडलेत रे. मशीनही शहाणं झालंय, आधीसारखं सारखं बोंबलत नाही. काल कंपनीचे लोक त्यात काहीतरी नवीन घालून गेले."

मी स्क्रीनवरच्या प्लॉटकडे बघितलं.

"ताई, नर्सला बोलव. मास्क क्षणभर उचलायला सांग."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"उचलायला सांग म्हणतो ना!"

कुजबुज ऐकू आली. मग नर्सचा आवाज. "हं, काढला. आता वाजेल बघा."

मी फोन कानात रुतवून बसलो. काही वाजलं नाही. बाबांचा चिडका, खोल गेलेला आवाज आला, "काय खेळ मांडलाय?"

"अरे," ताई हळूच म्हणाली, "मास्क गादीवर पडलाय. स्क्रीनवर श्वास चालूच दाखवतंय. हे चादरीला श्वास देतंय रे."

नर्सने जुनं मशीन आणायला ओरडून सांगितलं. धावपळ झाली, बाबांना नवा मास्क बसला, ताई रडायला लागली.

"वॉर्डात अशी मशीनं अजून आहेत का, विचार," मी म्हणालो.

ताईने विचारलं. नर्सची पावलं दूर गेली आणि थांबली.

"समोरच्या खाटेवरच्या आजोबांना आहे," ताई म्हणाली. "पण ते सकाळपासून किती शांत झोपलेत."