बीरगंजचं तिकीट

मुनिराबाईंनी एसटीत चोवीस वर्षं कंडक्टरकी केली, बहुतेक गंगापूरच्या गाडीवर. लेक रुक्सार नेपाळात बीरगंजला डॉक्टर झाली आणि कॉलेजचा निरोप आला, की पांढरा कोट पालकांच्याच हातून घालायचा. बाईंनी उस्मानपुऱ्यातल्या घरी लगेच पिशवी भरायला घेतली. मुलगा ओवैसला सुट्टी नव्हती. एकटी हरवशील, कार्यक्रम मोबाईलवर बघ, असं तो दोन दिवस कानीकपाळी ओरडला.

"अर्धा तालुका मी ठिकाणाला पोचवला," बाई म्हणाल्या. "सवताला नाय पोचवणार व्हय?"

मनमाडहून रेल्वेनं पाटणा गाठेपर्यंत सगळं सुरळीत झालं. सकाळी तिथल्या बसस्टँडवर एकानं विचारलं, "कहाँ का?" असं विचारल्यावर आपल्याकडं माणूस स्वतःचं गाव सांगतो. शहराचं नवं नाव बाईंच्या जिभेवर अजून बसलं नव्हतं; त्यांनी झोकात सांगितलं, औरंगाबाद. त्यानं पिशवी उचलली आणि त्यांना एका बसमध्ये खिडकीशी बसवलं. बोर्ड वाचायचा राहून गेला, आणि तोही एका कंडक्टरचा! त्या माणसाला तिकीट कुठलं हवं ते विचारायचं होतं आणि बिहारातही एक औरंगाबाद आहे, हे तिकीट हातात पडल्यावर कळलं. गाडी तोवर उलट्या दिशेनं शहराबाहेर पडली होती.

कार्यक्रम चारचा होता. कंडक्टर म्हणाला, मध्ये गाडी थांबत नाही. उभा जन्म दुसऱ्यांना हेच ऐकवलेल्या बाई उठल्या, दाराशी गेल्या आणि त्यांनी पत्र्यावर एकच सणसणीत थाप मारली. घंटी असो की पत्रा, एक म्हणजे थांब. ड्रायव्हरनं निमूट ब्रेक लावला.

रिक्षानं मागं, मग सरहद्दीजवळच्या रक्सौलची बस, मग नेपाळात नेणारा पूल ओलांडायला टांगा. सभागृहाच्या दारात पोचल्या तेव्हा त्यांच्या घड्याळात बरोबर चार वाजले होते. पण नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं. स्टेजवर रुक्सार एकटीच उभी होती, डोळे भरलेले, आणि कोट प्राचार्यांनीच हातात घेतला होता. मधल्या वाटेत फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी.

बाईंच्या तोंडून चोवीस वर्षांचा आवाज सुटला, "चला, पुढं सरका, वाट द्या!"

मराठी तिथं रुक्सारशिवाय कुणालाच कळत नव्हती. तरी अख्खी गर्दी सरकली. प्राचार्यसुद्धा दोन पावलं सरकले, आणि लेकीला कोट आईनंच घातला.