विझून दिलेले उत्तर

मी विजेचा दिवा बोलतो आहे. मात्र माझ्या उजेडात कोणी जेवले, कोणी पोथी वाचली, कोणी मूल झोपवले, असे समजू नका. माझ्या काचेभोवती तारेचा पिंजरा आहे, बुडाशी पितळेची टोपी आहे आणि तिच्यातून दोन तारा लोंबतात. त्यांची टोके उघडी आहेत. जिथे वीज आहे की नाही अशी शंका असेल, तिथे ती टोके टेकवायची. मी पेटलो तर आहे, न पेटलो तर नाही. याहून अधिक मला काही विचारले जात नाही. लोक मला चाचणीचा दिवा म्हणतात.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, हे खात्रीने सांगता येणार नाही. पेंढा भरलेल्या खोक्यात आम्ही पुष्कळ भावंडे होतो, एवढे आठवते. ते खोके मुंबईच्या बंदरात उतरले, आगगाडीने कर्जतला आले आणि तिथून बैलगाडीने खालापूर तालुक्यातल्या एका वीजघराच्या कोठारात पोहोचले. माझी काही भावंडे साहेबाच्या बंगल्यात गेली, काही दवाखान्यात. मी कोंडाजीच्या झोळीत पडलो.

कोंडाजी भिसेगावचा. वीजघराच्या तारा सांभाळण्याचे काम त्याच्याकडे होते. माणूस मितभाषी, पण मला जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळताना त्याचा हात हलका असे. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या कामाबद्दलच थोडी आहे. मी पेटलो की माणसाचे समाधान होते, आणि समाधान झाले की तो पाठ फिरवतो. क्षणभराचा उजेड, मग पुन्हा फडके, पुन्हा अंधार. ज्याचा उजेड पाहून लोक निघून जातात, असा दुसरा दिवा माझ्या ऐकिवात नाही.

झोळीत असताना मला दिसत नाही, ऐकू मात्र येते. म्हणून पुढच्या हकिगतीत जे पाहिले ते पाहिले म्हणेन, आणि जे केवळ ऐकले ते ऐकले म्हणेन.

वीजघरातल्या नोकरांसाठी घाटाच्या पायथ्याशी एक दुमजली इमारत बांधली होती. पौषात घाटावरून गारठा उतरतो, म्हणून गच्चीवर एक टाकी ठेवून तिच्यात विजेने पाणी तापवण्याची सोय केली होती. तिची तार जिन्याखालच्या पेटीतून निघे, एकावर एक असलेल्या मागच्या खोल्यांतून वर चढे आणि गच्चीवर जाई. भिंतीवर लाकडी पट्टी, पट्टीत दोन खाचा, दोन खाचांत दोन तारा आणि मधे बोटभर लाकूड, अशी ती रचना होती.

टाकी येण्यापूर्वी पाणी तापवण्याचे काम मंगळीकडे होते. ती वरच्या ठाकरवाडीतली. डोंगरातून मोळी आणायची, अंगणातल्या मोठ्या हंड्याखाली जाळ घालायचा आणि सगळ्या बिऱ्हाडांना ऊन पाणी पुरवायचे. वीज आल्यावर तिला अंगण झाडायला ठेवले. वीज गेलीच तर हंडा पेटवायचा, म्हणून तिची लाकडे जिन्याखाली, पेटीशेजारीच रचलेली असत.

त्या वर्षी वीज वरचेवर जाऊ लागली. सकाळी पहिली एकदोन स्नाने झाली की पेटीतली फ्यूजची तार वितळे आणि नळाला गार पाणी येई. कोंडाजी खालापुराकडची कामे आटोपून दुपारी येई, नवी तार घाली, आणि ती टिके. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. तो मला घेऊन खोलीखोलीतून फिरला. प्रत्येक सांध्यावर माझी टोके टेकवली, आणि प्रत्येक ठिकाणी मी पेटलो.

फक्त एका खोलीत मी गेलो नाही. वरच्या मजल्यावर आबाजीपंत ओव्हरसियर राहत. त्यांची विधवा आत्या आनंदीबाई मागच्या खोलीत असे. तिथे तिचे देव, तिथेच तिचे सोवळे. कोंडाजी उंबऱ्याशी थांबला आणि अदबीने मागे फिरला. खालच्या खोलीत मी पेटलो होतो, वर गच्चीवरही पेटलो होतो. दोन्हीकडे उजेड असेल तर मधे काय बिघडलेले असणार? त्याने आबाजीपंतांना सांगितले, की लाइनीत कुठेही दोष नाही.

त्याचे हे बोलणे खोटे नव्हते, पण पुरेसे खरेही नव्हते. आबाजीपंतांनी त्यावरून आपला निष्कर्ष काढला. लाइन ठीक असेल तर हे कोणाचे तरी काम आहे. वीज गेली की हंडा कोण पेटवते? पेटीजवळ कोणाची लाकडे असतात? ते मंगळीला म्हणाले, "पेटीतल्या तारा काय उंदरांनी कुरतडल्या?"

मंगळी म्हणाली, "रुसती तुमची तारंची चूल, रावसाहेब, आन् शिव्या मला."

उद्याचा दिवस शेवटचा, असे तिला सांगण्यात आले. पेटीला कुलूप घालण्याचे काम कोंडाजीला मिळाले.

इथे आनंदीबाईंविषयी थोडे सांगितले पाहिजे. इमारतीत सगळे त्यांना आत्याबाई म्हणत, पण त्यांच्याशी बोलणारे कोणी नव्हते. आबाजीपंत दिवसभर वीजघरात, त्यांची पत्नी माहेरी. सोवळ्यातल्या बाईजवळ शेजारणी येत नाहीत. दुपारी मात्र त्या मागच्या खिडकीत बसत आणि खाली मोळ्या सोडणाऱ्या मंगळीशी बोलत. मंगळी त्यांच्यासाठी पळसाची पाने आणून पायरीवर ठेवी. आत्याबाई त्यांवर पाणी शिंपडून ती वर नेत आणि त्यांच्या पत्रावळी लावत. कोंडाजी अंगणात भाकर खात असताना झोळीतून मी त्या दोघींना कितीदा तरी ऐकले आहे.

"काय शिजवलंस गं आज?"

"वाल."

"मीठ जास्त पडलं असेल."

"तुमी कवा चाखलंव?"

मग वर आणि खाली, दोन्हीकडे हसू. दोघींच्या मधे एक मजला होता. बोलण्यासाठी म्हणून तो कोणी उतरले नाही आणि कोणी चढले नाही.

कुलूप घालायला कोंडाजी प्रथमच सकाळी आला. शेवटचा दिवस म्हणून मंगळी अंगणात मोळीवर बसली होती. हे मी पाहिले, कारण त्याने मला फडक्यातून काढून पायरीवर ठेवले होते. तो कुलूप चाचपत असतानाच पेटीत चट् असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. फ्यूज उडाला होता. मंगळी होती तिथेच होती.

"बगितलंस ना रं दादा?" ती म्हणाली.

"मी बगितलं. रावसाहेबांनी नाय बगितलं," कोंडाजी म्हणाला.

त्याने नवी तार घातली. तीही तत्काळ उडाली. आजवर दुपारी घातलेली तार नेहमी टिकत आली होती. म्हणजे दोष आत्ता, या घडीला, लाइनीत हजर होता. कोंडाजीने गच्चीवर जाऊन टाकीचे बटण बंद केले, आणि खाली येऊन माझी दोन टोके फ्यूजच्या दोन खुंट्यांना बांधली. फ्यूजच्या जागी मी.

मी पेटलो.

हे नीट समजून घ्यावे लागेल. टाकी बंद असताना त्या तारेतून वीज वाहायलाच नको. तरी मी पेटलो, याचा अर्थ वर कुठेतरी दोन तारा एकमेकींना भिडल्या होत्या. जोवर त्या भिडलेल्या, तोवर मी पेटलेला राहणार. त्या सुटतील त्या क्षणी मी विझणार. आयुष्यात प्रथमच माझ्या उजेडाचा अर्थ 'ठीक आहे' असा नव्हता.

कोंडाजी मंगळीला म्हणाला, "इथंच बस. इझला की सांग." आणि तो वर गेला.

मंगळी माझ्यासमोर उकिडवी बसली. जाळाकडे पाहावे तशी ती माझ्याकडे पाहत होती. कोणी माझ्याकडे इतका वेळ पाहिले नव्हते. तिचे तळहात आपोआप पुढे आले, आणि माझ्या उजेडात ऊब फारशी नाही हे कळल्यावरही तिने ते मागे घेतले नाहीत.

कोंडाजी खोल्यांतून पट्टी ठोकून, हलवून पाहत होता. मी पेटलेलाच. तेवढ्यात आबाजीपंत कामावर निघाले. ते जिना उतरून पेटीपाशी थांबले आणि कोंडाजीने वरून सांगितलेला प्रकार त्यांनी ऐकून घेतला. मंगळीने काही हाक दिली तरी तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा त्यांचा विचार असावा, कारण ते स्वतःच माझ्यावर नजर लावून उभे राहिले.

आता राहिली होती एकच खोली. यापुढचे मी ऐकले.

कोंडाजी उंबऱ्याबाहेरून म्हणाला, "आत्याबाई, ती लुगड्याची दांडी कंच्या खिळ्याला टांगली हाय?"

खालून आबाजीपंत म्हणाले, "अरे, आत्याच्या खोलीत काय असणार? ती बिचारी देवापुढे असते. उगीच सोवळं मोडू नकोस तिचं."

एवढे पुरे होते. आत्याबाई गप्प राहिल्या असत्या तर कोंडाजीला आत पाऊल टाकता आले नसते. दुपारी लुगडे वाळले असते, मी आपोआप विझलो असतो, आणि मंगळी वाडीवर परत गेली असती.

आत्याबाईंचा आवाज आला. "खाली कोण बसलंय रे, कोंडाजी?"

"मंगळी."

"रडत्येय का?"

"नाय. दिव्याकडं बगतीया."

मग काठीचा आवाज झाला. सोवळ्याचे वस्त्र हाताने घालत नाहीत आणि हाताने काढतही नाहीत. लांब काठीने उंच दांडीवर टाकतात आणि काठीनेच उतरवतात. ओले नऊवारी लुगडे जमिनीवर पडल्याचा जड आवाज मी ऐकला.

आणि मी विझलो.

"इझला!" मंगळी ओरडली.

आबाजीपंतांनी मान वर केली. "आत्या?"

"खिळा मी मारला, आबा," जिन्यातून आवाज आला. "भिंतीत मारू नको असं तू म्हणाला होतास. दगडात शिरेना, म्हणून त्या लाकडाच्या पट्टीत मारला. वरवंट्यानं. शोभेची पट्टी असेल असं वाटलं मला."

खिळा तिरपा गेला होता. तो एका तारेला टेकलेला होता, आणि ओल्या लुगड्याच्या ओझ्याने वाकला की दुसरीला भिडे. वाळलेल्या लुगड्याला वजन नसते, म्हणून दुपारी सारे ठीक. कोरड्या काठीमुळेच आत्याबाईंना आजवर झटका बसला नसावा. आणि सगळ्यांत आधी स्नान त्यांचे होई, म्हणून गार पाणी त्यांना कधी लागलेच नव्हते.

मंगळीकडे न पाहता आबाजीपंत म्हणाले, "उद्या झाडायला वेळेवर ये." क्षमा मागितल्याचे मी ऐकले नाही.

तारेत वीज राहू नये म्हणून कोंडाजीने आधी खाली येऊन मला सोडवले. मग आत्याबाईंनी त्याला खिळा काढायला खोलीत बोलावले. तो संकोचला, तेव्हा त्या म्हणाल्या, "ये आत. मी पुन्हा स्नान करीन." त्यांनी ते केले, आणि नळाच्या गार पाण्याने केले. खालून मंगळीने हंडा पेटवू का असे विचारले होते. त्या नको म्हणाल्या.

पुढे आबाजीपंतांची बदली झाली आणि आत्याबाईंना सासरच्या गावी पोहोचवण्यात आले. त्या खिळ्यामुळे, की अन्य कारणाने, हे मला माहीत नाही. त्यानंतर कोंडाजी एकदा अंगणात भाकर खायला बसला, तेव्हा वरच्या खिडकीतून काही ऐकू आले नाही. मंगळी म्हणाली, "पानं ठेवायची सव ग्येली नाय, दादा. पायरीवं वाळून जातात."

आज मी भिसेगावात कोंडाजीच्या घरी आहे. नोकरी सुटताना त्याची हत्यारे परत घेतली गेली. मला कोणी मागितले नाही. त्याने मला भिंतीवर टांगले, आणि त्यासाठी त्या पट्टीतून काढलेला तोच खिळा ठोकला. आता कोंडाजीही नाही. या घरात वीज आलेली नाही. सांजेला त्याची सून सुंदरा देवापुढे तेलाचा दिवा लावते आणि हात जोडते. परवा शेजारणीने माझ्याकडे बोट दाखवून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "त्यो व्हय? मेलाय कवाचा."

माझ्या आतली तार अजून शाबूत असावी. पण विजेवाचून ते सिद्ध करता येत नाही, म्हणून आग्रह धरत नाही. मी पुष्कळदा पेटलो, आणि लोक पाठ फिरवून गेले. एकदाच विझलो, आणि एक बाई आपल्या जागी राहिली. तेव्हा जाता जाता एवढीच विनंती आहे: विझलेल्या दिव्याला मेलेला म्हणण्यापूर्वी, त्याला काय विचारले होते, ते एकदा आठवून पाहा.